मोठ्या आईनं अंगावर घेतलं ते

आधी मोठ्या आईचं सांगते, मग बाकीचं. मी आज सुरतेत एका खोलीत बसून साड्यांना लेस लावते, मला नवरा आहे, सहा वर्षांची लेक आहे, हे सगळं तिच्यामुळे आहे. मोठी आई म्हणजे माझी थोरली चुलती. लिहिताना भीती वाटते की काहीतरी राहून जाईल. सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्यामुळे जसं आठवतं तसं सांगते.

आमचं गाव मालेगाव तालुक्यात. आम्ही मळ्यातच राहायचो. आमचं आणि मोठ्या आईचं शेत एकाच बांधाच्या दोन बाजूंना होतं, घरंही तशीच. चुलते लवकर वारले. तिनं आपला वाटा मुलाला हाताशी धरून स्वतः कसला. आमच्याकडे कपाशी असायची. तिच्याकडे बाजरी, भुईमूग आणि हिवाळ्यात डोंगळे, म्हणजे बियाण्यासाठी लावलेला कांदा. डोंगळ्याला पांढरे गोंडे येतात आणि त्यांवर मधमाश्या बसल्या तरच बी भरतं. तिचं बी चांगलं उगवतं म्हणून नामपूरकडचे लोकही आधीच सांगून ठेवायचे.

कपाशीवर वडील सुरुवातीला हंगामात दोन-तीनदा फवारायचे. बोंडअळी मरायची. मग ती मरेनाशी झाली. दुकानदार दर वेळी वेगळी बाटली द्यायचा, पुढे तर दोन बाटल्या एका ड्रममध्ये ओतून काठीने ढवळायला सांगू लागला. फवारणी असली की आई आणि मी हौदावरून पाणी वाहायचो, माझी शाळा बुडायची. भाकरीलाही तोच उग्र वास यायचा. कापूस विकून आलेल्या पैशातून बाटल्यांचं वजा केलं की घरात फारसं उरत नसे. आई म्हणायची, आपण कापूस पिकवतो का त्या दुकानदाराला पोसतो तेच कळत नाही. नांगरामागे बगळे यायचे, ते कमी झाले. सरीत मेलेल्या चिमण्या सापडायच्या. आम्ही पायानेच त्या बाजूला सारायचो, त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

एका वर्षी वेचणी संपली तरी वडिलांनी कपाशी उपटली नाही. पाणी देऊन फरदड घेतली, म्हणजे त्याच झाडांना पुन्हा बोंडं येऊ दिली. त्यामुळे ऐन थंडीतही फवारा चालू राहिला आणि तेव्हाच बांधापलीकडे डोंगळे फुलले होते. माश्या आल्या त्या आमच्या शेतावरूनच. गोंड्यांखाली त्यांचा सडा पडला. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोठी आई एक वाळलेला गोंडा घेऊन आमच्या अंगणात आली आणि वडिलांसमोर तळहातावर चोळला. सगळा भुसा उडून गेला. काळं बी चिमूटभरही निघालं नाही.

वडील हसले. म्हणाले, "वहिनी, माश्या काय तुम्ही पाळल्या व्हत्या? मग दावणीला बांधून ठेवायच्या."

"बांधल्या असत्या भाऊ," ती म्हणाली. "पण तू गोठ्यातबी फवारलं असतंस."

त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद झालं. आईला नळावरही तिच्याशी बोलायची बंदी होती.

पुढच्या पावसाळ्यात, पोळा नुकताच होऊन गेला होता, बाईंनी मला वर्गातून घरी पाठवलं. डोक्यात उवा झाल्या होत्या, आणि साफ झाल्याशिवाय येऊ नकोस म्हणाल्या. खाजवून खाजवून माझ्या टाळूला जखमा झाल्या होत्या. आमच्या भागात तेव्हा बायका उवांना कपाशीचं औषध लावायच्या. तेलात मिसळून केसांना चोळायचं, वरून फडकं बांधायचं आणि पोरीला उन्हात बसवायचं. कपाशीवरची अळी मरते तर ऊ का नाही मरणार, असा साधा हिशोब होता. आईनंही तेच केलं. ती माझ्यावर चिडलेली नव्हती. कामाच्या दिवसांत माझ्यापाशी निवांत बसायला तिला कधी मिळायचं नाही, त्या दिवशी मिळालं होतं. ती काहीतरी गुणगुणत माझे केस विंचरत होती. माझे केस कमरेपर्यंत होते आणि तिला त्यांचा फार अभिमान होता.

थोड्या वेळाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ते थांबेचना. समोरची भिंत धूसर झाली. मी उठायला गेले तर पाय माझे राहिले नव्हते. त्यानंतर आईची किंकाळी ऐकली, तेवढंच मला नीट आठवतं.

पुढचं आईनं सांगितलं, तेही फार वर्षांनी. वडील बाजाराला गेले होते. किंकाळी ऐकून मोठी आई बांध ओलांडून धावत आली. तिनं फडकं ओढून काढलं, वास घेतला आणि शेळ्यांचे केस कापायच्या कात्रीनं माझे केस मुळापासून कापले. आई तिचा हात धरून रडत होती, पोरीचे केस असे कापू नका म्हणत होती, इतकं तिचं भान गेलं होतं. मोठ्या आईनं मला हौदापाशी नेऊन कपड्याच्या साबणाने घासून धुतलं. मग रस्त्यावर उभी राहून एक काळी-पिवळी जीप अडवली आणि मालेगावच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे मी वेड्यासारखी बडबडत होते म्हणे. हात पलंगाला बांधले होते. विषबाधा म्हटल्यावर पोलीस आला. आम्ही तिघी बहिणीच, भाऊ नाही. त्यानं आईकडे बघत विचारलं, पोरीला औषध कोणी पाजलं? आई जेवढी गप्प राहिली तेवढा त्याचा संशय वाढला. तोवर वडीलही येऊन दारात उभे होते.

"पाजलं नाय साहेब," मोठी आई म्हणाली. "उवांसाठी डोक्याला लावलं. मीच लावलं."

"तू कोण?"

"ती मनीच पोर शे."

माझीच पोर आहे, असं म्हणाली ती; चिडली किंवा घाबरली की ती आमच्या अहिराणीत बोलायची. पोलिसानं तिचं म्हणणं लिहून घेतलं, चार शिव्या घातल्या आणि अंगठा घेऊन गेला. कायद्याचं प्रकरण तिथेच मिटलं.

मी वाचले. पण अशक्तपणा जाईना, म्हणून मला ओझरला आत्याकडे ठेवलं आणि मी तिथेच घरकाम करत वाढले. शाळा सुटली ती सुटलीच. गावात काय चाललंय हे मला कळलंच नाही. चुलत भावाच्या मुलीच्या बारशाला गेले, भावकीची रीत म्हणून आईही आली होती, तेव्हा कळलं. पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या. मोठी आई नातीच्या टाळूला तेल लावायला वाकली, तर तिच्या सुनेनं वाटी काढून घेतली. घुगऱ्या वाटायला ती उठली तेव्हा दोघीतिघींनी पदराआड हात नेले. डोंगळ्याचा राग तिनं पुतणीच्या जिवावर काढला, असं सगळा गाव धरून चालला होता.

मी तिथेच उभी राहून मोठ्यानं सांगितलं की लावणारी ही नव्हे.

"तुला काय ठाऊक, तू शुद्धीत व्हतीस का?" मोठी आईच मला म्हणाली आणि हसून बायकांकडे वळली. "औषधानं अजून डोकं ठिकाणावर नाय पोरीचं." बायका हसल्या. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती.

नंतर गोठ्यामागे मी तिला गाठलं. का करतेस असं, म्हणून रडले. ती शेण गोळा करत होती. म्हणाली, "तुझ्या बापानं तुझ्या आईला त्याच दिशी हाकलली असती. पोरी कुठं गेल्या असत्या तुम्ही? मला कोण हाकलणार? मी माझ्या वाट्यात राहते."

आता कपाशीचं नवं बियाणं आलंय. अळी कमी झाली म्हणतात, पण मावा आणि तुडतुडे वाढले, फवारे पुन्हा सुरू झाले. मोठ्या आईनं डोंगळे लावणं सोडलं. जी गावोगाव बी पुरवायची, ती आता दुकानातून महागाचं पाकीट आणते. वडील थकलेत. आईशी फोनवर मोठ्या आईचं नाव काढलं की ती लाइट किती वेळ जाते ते सांगायला लागते. तिचं भय मला कळतं. मला तर लेक शिंकली तरी झोप लागत नाही.

मोठ्या आई, तुझं ऋण मी फेडीन. या आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात तशी मी येईन, पण आईच्या दारी आधी जाणार नाही. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत पिशवी तुझ्या ओट्यावर ठेवीन. तू पुरणपोळी कर. माझी लेक तुझ्या मांडीवर बसून तुझ्या हातानं जेवेल. तोवर तब्येत सांभाळ.