शुगर कोणाकोणाला आहे?

"शुगर कोणाकोणाला आहे? जरा हात वर करा बरं."

शाळेच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. आम्ही सगळे शिक्षक गोल बसलेलो. पुण्याहून आलेल्या समुपदेशक मॅडमनी हसत हसत विचारलं आणि हात वर गेले. इतिहासाच्या सरांचा गेला. गणिताच्या बाईंचा गेला. पर्यवेक्षिका बाईंचा सगळ्यात आधी गेला. काहींनी एकमेकांकडे बघितलं, मग त्यांचेही गेले.

याच हातांनी मागच्याच आठवड्यात पेढे उचलले होते. गणिताच्या बाईंचा मुलगा इंजिनिअरिंगला लागला म्हणून वाटलेले. बॉक्स माझ्यापर्यंत आला तेव्हा आत नुसता कागद होता.

मॅडम माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "बघा. तुमचे लाडू का उरले, कळलं ना? आपण किती पटकन मनाला लावून घेतो."

सगळे हसले. मीही हसले. आजही सगळ्यात जास्त डाचतं ते माझं हसणं.

नीट सांगते.

मलकापूरच्या एका खाजगी शाळेत मी मराठी शिकवते. राहते नांदुऱ्याला, रेल्वेगाडीनं येणं-जाणं. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळे डबे एका टेबलावर उघडायचे. याची भाजी त्याच्या ताटलीत, तिची चटणी हिच्या पोळीवर. माझा डबाही त्याच टेबलावर असायचा. कोणी 'नको' म्हणायचं नाही. कोणी घ्यायचंही नाही. माझ्या डब्याला वळसा घालून हात पुढे जायचे. वांग्याची भाजी मी चांगली करते. ती तशीच घरी परत यायची.

भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी मी बुंदीचे लाडू नेले. तुपातले. सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या. "ठेवा, घेतो," म्हणाले. शाळा सुटताना डबा रिकामा होता. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आनंदातच व्हरांड्यातून मागच्या बाजूला गेले, तर भिंतीपाशी शेळ्या लाडू खात होत्या. शिपाई मामा तिथंच उभे. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "पर्यवेक्षिका बाईनं सांगतलं, ताई. म्या काय करू?"

हे मी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. रिकामा डबा घासून ठेवला.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि ते शिबिर आलं. शिक्षकांचं मानसिक आरोग्य, आनंदी नाती, असं काहीतरी फलकावर लिहिलेलं. मॅडम बोलायला गोड. म्हणाल्या, मनात साठवू नका, मोकळे व्हा, इथं बोललेलं या चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही. एकेकाला विचारत गेल्या. कोणी सासूचं सांगितलं, कोणी मुलाच्या मोबाईलचं. दोघी-तिघी रडल्याही. मॅडमनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, ही जागा खरी आहे. वाटलं, आज बोलावं.

मी सुरुवात केली, "मले असं वाटते की…"

मॅडमनी हात वर केला. "मला. मले नाही, मला. तुम्ही मराठीच शिकवता ना? आधी भाषा शुद्ध करू, मग मनही शांत होईल."

हसू फुटलं. खरं तर तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण पाझर फुटला होता. मी डब्याचं सांगितलं, लाडवांचं सांगितलं, शेळ्यांचं सांगितलं. कोणाचं नाव घेतलं नाही. आणि उत्तर काय मिळालं? शुगर कोणाकोणाला आहे.

सोमवारी शाळेत गेले तर चार भिंतींतलं गावभर झालं होतं. मुलांच्या व्हॅनच्या ड्रायव्हरलाही माहीत. मुख्याध्यापक सरांनी बोलावून घेतलं. तुम्ही संस्थेची बदनामी केली, म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, तुमच्या मनात न्यूनगंड आहे, त्यावर उपाय करून घ्या. त्या मॅडम महिन्यातून येतात, त्यांच्याकडे बसा. तुमचं कायम होण्याचं आमच्या हातात आहे, हे लक्षात ठेवा. शेवटचं वाक्य त्यांनी कागद नीट लावता लावता सांगितलं.

मी बसले. प्रयोगशाळेत, मागच्या बाकावर. मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा. राग आला की एखादा झरा डोळ्यांसमोर आणा. दीर्घ श्वास घ्या. ज्यांनी दुखावलं त्यांना मनातल्या मनात माफ करा. माफी दुसऱ्यासाठी नसते, स्वतःसाठी असते.

मी सगळं केलं. मन लावून केलं. मला बरं व्हायचं होतं. गाडीत श्वास घेतला, स्वयंपाक करताना घेतला, फळ्यासमोर घेतला. माफ करत गेले. ज्यांनी माफी मागितलीच नव्हती त्यांना रोज माफ करत गेले. आणि झोप उडाली. जेवण उतरेना. छाती धडधडायची. वर्गात कविता शिकवता शिकवता एखादा शब्द जिभेवर अडायचा. 'मला' म्हणू की 'मले', असं आधी मनात तपासायचे आणि मग बोलायचे. पोरी माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या.

माझा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहे. शांत माणूस. त्याला दिसत होतं सगळं. एकदा ताटावरून उठले तेव्हा म्हणाला, "काऊन वं, काय झालं?" मी अर्धवट सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "सोड ना. कायले डोक्यात घेऊन बसतं? मी बी गिळतो. तू बी गिळ."

त्यानंतर मी त्याच्याशी बोलणंच कमी केलं. तोही कमी बोलायला लागला. दोघं एका घरात, आणि घरात फक्त टीव्ही बोलायचा.

मग मॅडमची आणखी एक बैठक ठरली. या वेळी पर्यवेक्षिका बाईही होत्या. समोरासमोर खुर्च्या. मॅडम मला म्हणाल्या, आज आपण हे ओझं उतरवू. बाईंचे हात हातात घ्या आणि म्हणा, माझा गैरसमज झाला, मला माफ करा. बघा किती हलकं वाटेल.

बाईंनी हात पुढे केले. चेहऱ्यावर थोरपणा. त्या मला माफ करायला तयार होत्या.

मी ते हात बघितले. आणि डोक्यात एकदम लख्ख झालं. इतके दिवस मी याला इलाज समजत होते. हा इलाज नव्हता. त्यांनी केलं आणि माफी मी मागायची. लाडू शेळ्यांना घालणारीला कोणी समुपदेशनाला बसवलं नाही. तिला कोणी झरा आठवायला सांगितला नाही. आजारी मी. कारण मी बोलले.

मी माझे हात मांडीवरच ठेवले. म्हणाले, "मले काही गैरसमज नाही, मॅडम. मले समजलं आहे."

'मले' मुद्दाम म्हणाले. दोन्ही वेळा. माझ्या आईची भाषा आहे ती.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही अजून तयार नाही आहात."

"नाही," मी म्हणाले. "याच्यासाठी कधीच होणार नाही."

उठले आणि बाहेर आले.

लोकांना वाटतं, नकार दिला की माणूस मोकळा होतो. तसं काही होत नाही. दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून आठवीचा वर्ग काढून घेतला. ग्रंथालयात बसवलं. पोरी खिडकीतून बघून जायच्या. डब्यांच्या टेबलाशी आता माझ्या बाजूची खुर्चीही रिकामी. एका संध्याकाळी मलकापूरच्या प्लॅटफॉर्मवर मला एकाएकी श्वासच घेता येईना. गाडी आली, गेली, मी बाकावरच. हाताला मुंग्या. वाटलं, हार्टअटॅक. कशीबशी नवऱ्याला फोन लावला. तो कामावरच्या कपड्यांत, ऑइलच्या हातांनी तसाच आला. पाण्याची बाटली उघडून दिली आणि गाडी येईपर्यंत शेजारी बसला.

हृदयाचं काही निघालं नाही. नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं, मनाच्या विभागात. मी नको म्हणाले. पुन्हा तेच? पुन्हा कोणीतरी डोळे मिटायला सांगणार? नवरा म्हणाला, "मी संगं येतो." मोताळ्यावरून घाट चढून बसनं गेलो. सगळ्या रस्त्यात मी तिथल्या माणसाशी मनात भांडत होते, भेटायच्या आधीच.

तिथले समुपदेशक वयस्कर. टेबलावर फायलींचा ढीग, खोलीला दार नाही, नुसता पडदा. त्यांनी डोळे मिटायला सांगितलं नाही. म्हणाले, "ताई, आधी हे सांगा, कोणं काय केलं. मनात काय आलं, ते मंग पाहू."

आजवर कोणी मला या क्रमानं विचारलं नव्हतं. मी सांगत गेले. पेढ्यांच्या कागदाशी आल्यावर मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "तुमची झोप गेली, जेवण गेलं, छाती धडधडून राह्यली, हे दुखणं आहे. याच्यावर उपाय आहे, तो आपण करू. पण तुमचे लाडू शेळ्याईले घातले, हे दुखणं नाही. हा अपमान आहे. तो तुमच्या डोक्यात झाला नाही, शाळेत झाला. त्याचा इलाज बी तिथंच करा लागीन."

बस, एवढंच. छातीवरचा दगड हलला, पडला नाही. पण हलला.

त्यांनी सांगितलेले उपाय साधे होते. डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घ्यायची. सकाळी पायी फिरायचं. छाती धडधडायला लागली तर पाय जमिनीवर दाबून आजूबाजूच्या वस्तूंची नावं घ्यायची. श्वासही सांगितला त्यांनी, पण म्हणाले, "हा श्वास उभं राह्यासाठी आहे, चूप बसासाठी नाही." आणि घरात एका माणसाशी रोज बोलायचं. आधी काय घडलं ते, मग काय वाटलं ते. ऐकणाऱ्यानं सल्ला द्यायचा नाही. हे त्यांनी नवऱ्याकडे बघून सांगितलं.

तो पहिल्यांदा ऐकायला बसला तेव्हा अवघडला. मी शाळेतलं सांगत होते आणि त्याच्या ओठांवर 'सोड ना' येऊन थांबत होतं, दिसायचं मला. पण थांबायचं. असं करत करत एका रविवारी त्याचंच तोंड उघडलं. जिनिंगमधली मशीन वर्षभर तो उघडतो, पुसतो, तिचे पट्टे बदलतो. रात्री-बेरात्री बंद पडली तर त्यालाच फोन. आणि खंडेनवमीला त्याच मशीनची पूजा असते, तेव्हा मालकाचा माणूस त्याला सांगतो, "तू जरा बाहेर थांब बे, पूजा होऊ दे." दरवर्षी. नवे कपडे घालून तो दाराबाहेर उभा राहतो. नारळ फुटल्याचा आवाज ऐकतो. मग प्रसाद बाहेर आणून देतात, वरून टाकतात हातावर.

लग्न झाल्यापासून दर खंडेनवमीला हा माणूस घरी यायचा आणि "लय थकलो" म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मला वाटायचं, माझा कंटाळा आला.

मी विचारलं, "मले काऊन नाही सांगतलं?"

तो म्हणाला, "तुह्यापुढं तरी माणूस म्हणून राहावं वाटे."

मी त्याचा हात धरला. ऑइल नखांत बसलेला हात. त्या दुपारी आम्ही दोघं जेवलो नाही, पण बोलणंही अर्धवट ठेवलं नाही. आमच्या दोघांतली भिंत आम्ही बांधलेलीच नव्हती. बाहेरच्यांनी विटा दिल्या होत्या, आम्ही गिळत गेलो, आणि ती आत उभी राहत गेली.

मी बरी होत आहे. झोप लागते. कधी लागत नाही. प्लॅटफॉर्मवर कधी कधी अजून हाताला मुंग्या येतात. मग मी पाय दाबून नावं घेते. बाक, खांब, बाहेरचा कापसाच्या गाठींचा ट्रक, चहाची किटली. भीती येते आणि थोड्या वेळानं जाते. राग मात्र जात नाही, आणि आता मी त्याला घालवतही नाही. तो आजार नाही.

गेल्या महिन्यात संस्थेच्या सचिवांनी बोलावलं. बोलणं मऊ. म्हणाले, तब्येत बरी नव्हती तुमची, आम्ही समजू शकतो. चूक झाली एवढं लिहून द्या, वर्ग परत घ्या, कायमचा आदेशही काढू. खुर्ची दिली, चहा मागवला. नवरा बाहेर व्हरांड्यात उभा होता. कामाचा खाडा करून आला होता.

मी म्हणाले, "तब्येत बरी नव्हती हे खरं आहे. चूक झाली हे खरं नाही. मी लिहून देणार नाही."

त्यांनी चहाचा कप स्वतःकडे ओढला. पुढचं आम्ही कळवू, म्हणाले.

कळवतील. काढतीलही कदाचित. मी बुलढाण्याला शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार देऊन आले आहे. कायदा काय म्हणतो तेही वकिलाला विचारून आले आहे. नातेवाईक म्हणतात, जिवाला जप, भांडण सोड. जणू दोन्हीतलं एकच करता येतं. मी जिवाला जपणार. वेळेवर जेवणार, गोळी घेणार, नवऱ्याशी बोलणार, त्याचं ऐकणार. आणि भांडणार. जपलेला जीव याच कामाला लावणार. शाळेतून काढलं तर अधिकाऱ्याच्या दारात उभी राहीन. तिथून हाकललं तर कोर्टाच्या. माझं मन ताळ्यावर आहे. आता ज्यांनी घाव घातला त्यांच्या सोयीसाठी मी ते कधीही गप्प बसवणार नाही.