मामाचं विमानाचं इंजिन

आमच्या मामाकडं एकच गोष्ट होती, विमानाच्या इंजिनाची. लढाईच्या काळात सरकारनं काही पोरं कारागिरी शिकायला विलायतेला धाडली, त्यात हा. तिथं म्हणे एक नवंच इंजिन बनत होतं, चोवीस सिलिंडरांचं. मामा बोटांची फुली करून दाखवायचा: चारी बाजूंनी सिलिंडर आणि सगळा भार मधल्या एका दांड्यावर. "मग, उडलं का?" आम्ही विचारायचो. "उडलं, पर टिकलं न्हाय. पुढं कुणी बनवलंच न्हाय ते." एवढ्यावरच गोष्ट संपायची.

बहात्तरच्या दुष्काळात परंड्याकडच्या आमच्या गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं. तिच्यावरच्या सोसायटीच्या ऑइल इंजिनावर मी ड्रायव्हर. खंडेनवमीला चेअरमननी इंजिनाची पूजा मांडली. आम्ही बौद्ध, मी काही गेलो नाही. लोकांच्या घशाला कोरड, आणि या बाबानं इंजिनाला कळशीभर पाण्यानं अंघोळ घातली!

दुसऱ्या दिवशी हँडल मारलं. तासाभरात आतून ठकठक सुरू झाली. तेल मोजायची काडी काढून बघितली, तर तेल ताकासारखं पांढरं. चेअरमनना सांगितलं, तर म्हणाले, "चालू दे. बायाबापड्या खोळंबल्यात. बंद केलंस तर याद राख." धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! बेअरिंग गेलं तर महिनाभर गाव तहानलेलं.

मामा घागर घेऊन रांगेतच होता. जवळ येऊन त्यानं कान दिला आणि त्याचं तोंडच उतरलं.

"बंद कर," म्हणाला. "त्या विलायतेच्या इंजिनाची बी अशीच ठकठक म्या ऐकली व्हती. मोठे सायब उभे व्हते, बोलायची छाती झाली न्हाय. दांडा कवच फोडून भायेर आला. शेजारच्या पोराचा हात गेला रं."

मी इंजिन बंद केलं. सगळी रांग माझ्याकडं बघत होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "तेलात पाणी गेलंय, कालच्या अंघोळीचं. तेलाचं झाकण माझ्याकडनं ढिलं राहिलं होतं, तेही खरं."

तेल बदललं, दिवस मावळायच्या आत पाणी चालू झालं. बेअरिंग वाचलं. पण लोकांनी फक्त झाकणाचंच ऐकलं. आठवड्यात हँडल दुसऱ्याच्या हातात गेलं. नोकरीचं मला एवढं वाटलं नाही. पण आईला रोज त्याच विहिरीवर जावं लागायचं, आणि ती कितीही आधी गेली तरी नवा ड्रायव्हर तिची घागर सगळ्यात शेवटी भरायचा.