तीन दिवस खिशात राहिलेली तार

ही गोष्ट सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. आधी म्हटलं, आई-बाप आहेत तोवर नको. मग म्हटलं, बहीण आहे तोवर नको. ती गेली तेव्हा म्हटलं, आता सांगून कोणाचं भलं होणार? बहाणे मला कधी कमी पडले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात रिसोडहून आम्ही निवृत्त मंडळी बस करून राजस्थानात फिरायला गेलो. किल्ले झाले, देवळं झाली, आणि एका दुपारी लढायांच्या इतिहासाचं एक संग्रहालय पाहायला थांबलो. बाहेर रणगाडे उभे होते. त्यांच्यासमोर सगळ्यांनी फोटो काढले, मीही काढला. आत एका खोलीत लष्करी दवाखान्याचा देखावा मांडला होता. चार लोखंडी पलंग, लाल ब्लँकेटं, आणि त्यांवर पट्ट्या बांधलेले प्लास्टरचे जवान. चारही पुतळ्यांची तोंडं दाराकडे वळलेली होती.

आमच्यात कामरगावचे एक मास्तर होते. प्रत्येक ठिकाणी काहीतरी विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. माहिती सांगणाऱ्या म्हाताऱ्या फौजीला त्यांनी विचारलं, "इन सबका मुँह उधर कायको किया?"

तो म्हणाला, "घर पर तार गई है, ये जवान को मालूम रहता था, साहब. फिर वो दरवाज़ा ही देखता था."

मी बाजूच्या बाकावर बसलो. मास्तर हसले. "काय रे, चार पुतळे पाह्यले अन् पाय गळाले? डाक वाटत दहा-दहा कोस चालत होतो म्हन्त होता ना तू!"

"चालत होतो," मी म्हणालो. "एक डाव नाई चाललो."

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. ते पुढच्या दालनात गेले.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. किन्हीराजाकडच्या आमच्या लहानशा गावात डाक पोचवायचं काम करायचो. लढाई सुरू होती. गावातला एकच माणूस फौजेत होता, आणि त्याच्याच धाकट्या भावाशी माझ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. गावातल्या गावात सोयरीक. त्याआधी तिची दोन ठरलेली लग्नं मोडली होती, एक मुलाचा आजा वारला म्हणून आणि दुसरं बैल दगावला म्हणून. लोक दबक्या आवाजात बोलू लागले होते, पोरगी पांढऱ्या पायाची आहे.

हळदीच्या दिवशी सकाळच्या बसनं टपालाची थैली आली. आमचे पोस्टमास्तर म्हणजे शाळेचे गुरुजी. ते चार दिवसांसाठी तालुक्याला गेले होते, म्हणून थैली मीच उघडली. वरच तार होती. नाव त्या फौजीच्या बापाचं.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत, त्यांना हे सांगावं लागेल. आमच्याकडे तार म्हणजे मौत. तार घेऊन मी एखाद्या गल्लीत शिरलो, की पाकीट फुटायच्या आधीच बाया छाती पिटायला लागत. वाचणं नंतर व्हायचं. तार आनंदाचीही असू शकते, किंवा नुसती बोलावण्याची असू शकते, हे आमच्या डोक्यातच येत नसे. त्यात लढाई सुरू. मी पाकीट हातात घेतलं आणि समजलो, गेला.

आता सुतक लागणार, लग्न थांबणार, आणि या वेळी ते पुन्हा ठरणार नाही, हेही समजलो.

पाकीट मी फोडलं नाही. दुसऱ्याचं टपाल फोडायचं नाही, हा नियम मी कधी मोडला नव्हता आणि त्या दिवशीही मोडला नाही. एवढा मी इमानदार! तार सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

संध्याकाळी नवरदेवाच्या घरी हळद होती. पहिली हळद सवाशिणीनं लावायची. सगळ्यांनी फौजीच्या बायकोला पुढे केलं. मी तिला वहिनी म्हणत असे. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत भरलेल्या. हळदीचे हात घेऊन ती माझ्यामागे धावली, "या, सोयरे, तुमालेबी लावतो! पळता काहून?" मी खरंच पळालो. मला वाटत होतं, विधवेच्या हातची हळद लागते आहे आणि हे मला एकट्यालाच माहीत आहे.

लग्न लागलं. मांडव उतरला. चौथ्या दिवशी सकाळी मी तार घेऊन गेलो. पावतीवर त्या दिवसाची तारीख घातली. म्हणालो, "आता आली थैलीत." लढाईत तारा उशिराच येत, आतली तारीख कोण पाहणार?

मग नेहमीसारखं झालं. त्याच्या आईनं हंबरडा फोडला. बाया वहिनीभोवती गोळा झाल्या. एकीनं तिचा हात धरून बांगड्यांवर दगड उचललाही होता. तेवढ्यात त्याच सकाळी तालुक्याहून परतलेले गुरुजी तार वाचता वाचता ओरडले, "थांबा! थांबा! जिता आहे तो! जखमी आहे, दवाखान्यात आहे. लवकर या म्हन्तात!"

त्या अंगणात तेव्हा जो आनंद झाला, तसा मी पुन्हा पाहिला नाही. म्हातारी रडता रडता हसत होती. वहिनी तर भाकरी थापायला चुलीशी पळाली, वाटेत लागतील म्हणून. मला दारात पाहून म्हणाली, "तुमच्या तोंडात साखर पडो, भाऊ."

दुपारच्या जीपनं ती सासऱ्याबरोबर निघाली. पुढे अकोल्याहून गाडी. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचले. तो आदल्या संध्याकाळी गेला होता.

जिला मी विधवा समजून पळालो होतो, ती त्या हळदीच्या दिवशी सवाशीणच होती. तिला विधवा व्हायला अजून चार दिवस होते. त्यातले तीन मी खिशात ठेवले होते.

ज्या बहिणीसाठी हे केलं, तिचंही भलं झालं नाही. सून घरात आली आणि आठवडा पुरा व्हायच्या आत मोठा मुलगा गेला, एवढाच हिशेब सासूनं केला. पेरणीच्या दिवशी तिला तिफणीसमोर येऊ देत नसत. गाय व्यायली की गोठ्यात जायची मनाई. तार लग्नाच्या आधी आली होती, तो लग्नाच्या आधीच जखमी झाला होता, हे माझं एक वाक्य तिच्यावरचा आळ पुसू शकत होतं. एकदा माहेरी आली असता ती मला म्हणाली, "दादा, माह्या पायातच काही असन रे." मी म्हणालो, "येडी हायेस." त्याहून जास्त काही बोललो नाही. ती तसंच समजून गेली.

सहलीहून परतलो आणि दुसऱ्याच दिवशी वहिनीकडे गेलो. ऐंशीच्या घरातली बाई, अंगणात उन्हात बसून तूर पाखडत होती. ठरवूनच गेलो होतो. वाटेत वाक्यं तीनदा म्हणून पाहिली होती.

"राजस्थानात गेलते म्हन्ते? काय पाह्यलं?" तिनं विचारलं.

संग्रहालयाचं सांगितलं. दवाखान्याचाही देखावा होता, म्हणालो.

तिचं सूप थांबलं. "त्याईचा पलंग दारासमोर होता," ती म्हणाली. "मी गेली तवा चादर बदलून राह्यले होते. नर्सबाई म्हने, रोज इचारत होते, कोनी आलं काय." मग पुन्हा सूप हलायला लागलं. "तार लेट झाली, त्याले कोन काय करन? तुमी त बिचारे आली तशी धावत घेऊन आलते. तुमचे उपकार हायेत, भाऊ. चहा मांडू?"

मी म्हणालो, "मांडा."

चहा प्यायलो. तुरीचं काय चाललंय ते विचारलं. उठलो. फाटकापर्यंत ती सोडायला आली, आणि मी एकदा मागे वळलोही. "काही राह्यलं काय?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "नाई."

होळीच्या आधी ती गेली. तिच्यासमोर म्हणायची होती ती वाक्यं मला अजून पाठ आहेत:

वहिनी, तार लेट आली नव्हती. हळदीच्या दिवशीच आली होती, तुमी माह्यामागं धावल्या तवा माह्या खिशात होती. तुमी येळेवर पोचल्या असत्या. माह्या बहिनीच्या पायात काहीच नव्हतं, जे होतं ते माह्या खिशात होतं. मले माफ करा.