पहिल्या बरगडीपासून हृदयापर्यंत

मटणाच्या दुकानात शिरताना शिंदे सर गळ्यातली तुळशीची माळ सदऱ्याच्या आत सारायचे आणि बाहेर आल्यावर पुन्हा वर काढायचे. भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादला, आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. मी तिथे हिशेब पाहतो. "कापतो, खात न्हाई. पांडुरंगाला फरक कळतो, हसनाबादच्या लोकायला कळत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. मटण माझं आहे असं लोकांना वाटावं, म्हणून सोबतीला मी.

बकऱ्याच्या पहिल्या बरगडीपाशी मज्जापेशींची एक गाठ असते. तिच्यातून केसासारखे मज्जातंतू हृदयाकडे जातात आणि ठोके वाढवतात. पुस्तकातल्या चित्रात ते पिवळेधमक, दोरीएवढे जाड. प्रत्यक्षात ते चरबीत हरवतात, नाहीतर चिमट्याने तुटतात. उभ्या नोकरीत सरांना त्यातला एकही अखंड सोडवता आला नव्हता. निवृत्ती महिन्यावर आली तेव्हा म्हणाले, "आता न्हाई जमलं, तर पोरायला मी जन्मभर ऐकीव गोष्ट सांगितली म्हणायची."

खाटकाला मान आणि छाती न तोडता द्यायला सांगितली होती. प्रयोगशाळेत पिशवी उघडली, तर आत चकाचक लाल मांस, चरबीचा कणही नाही. सर तसेच दुकानात परत गेले. माळ आत सारायचंही भान राहिलं नाही.

"सर, आपके रिटायरमेंट की दावत है सुना, तो बिलकुल साफ करके दिया. एक धागा नै छोड्या," खाटीक अभिमानाने म्हणाला.

"अरे मामू, तोच तर पाहिजे व्हता!"

पुढच्या वेळी सर स्वतः सुरीपाशी उभे राहिले. मग सकाळपासून प्रयोगशाळेत बसून त्यांनी बकऱ्याला, चिमट्याला आणि मला आळीपाळीने शिव्या दिल्या. "पंखा बंद करा हो! इथं माझा श्वास बी जड व्हऊन राह्यला त्याला." ऊन कललं तेव्हा त्यांनी तंतूखाली काळ्या कागदाची पट्टी सरकवली. गाठीपासून हृदयापर्यंत एक पांढरी रेघ, कुठेही न तुटलेली. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "शिवू नका. हिशेबवाल्याचा हात वाईट."

निरोपसमारंभात त्यांनी तो तंतू गाठ आणि हृदयासकट बरणीत घालून आणला आणि बरणी टेबलावर पेढ्यांशेजारी ठेवायला लावली. पेढे बरेच उरले. प्राचार्यांचं भाषण संपलं, सरांनी माईक धरला, खिशातला भाषणाचा कागद उघडला, पुन्हा घडी करून ठेवला. शेवटी त्यांनी बरणीकडे बोट केलं.

"पोरांनो, हा पाहा. असाच एक माझ्या छातीत हाये. आत्ता तोच बोलून राह्यला."

आणि खाली बसले.