बंगईच्या फळीसाठी केलेला रंधा

माझा नवरा सुतार होता. गेला तेव्हा बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, सागवानी फळीला एका बाजूनेच रंधा मारून झाला होता. फळी दोघं बसतील एवढी लांब, मधे दोन गाठी. गाठींजवळ लाकडाच्या रेषा उलट्या फिरतात, साधा रंधा तिथं लाकूड उपटतो. वर्षभर फळी भिंतीला टेकून होती.

धाकट्या दिराचं नेर गावात लाकूड कापायचं मशीन आहे. तो म्हणाला, "वहिनी, दोघांची बंगई एकटीले कायले? सोमवारी गाडी आणतो. गाठी कापून छोटी करून देतो."

"सोमवारपर्यंत गुळगुळीत झाली तर तू हात लावू नको."

"तुम्ही करान? रंधा उलटा धरान."

"उलटाच धरा लागते तिथं."

नवरा अशा जागी जुन्या करवतीचा तुकडा हातात धरून खरवडायचा. माझे अंगठे आता तेवढं सोसत नाहीत. म्हणून तो तुकडा धरून ठेवील असा रंधाच करायला घेतला. बाभळीच्या ठोकळ्यात खाच पाडली, तो तुकडा पातं म्हणून पाचरीनं आवळला.

साध्या रंध्यात पात्याचं डोकं आपल्याकडे झुकलेलं असतं. तसंच बसवलं, तर पहिल्याच फटक्यात ढलपी निघाली. सरळ उभं केलं, तर ते थरथरलं आणि फळीवर लाटा उठल्या. मग डोकं पुढं झुकवलं. कोन मला आकड्यात कळत नाहीत. काटकोनाचा गुण्या लावला आणि पात्याच्या डोक्यापाशी मधे आगकाड्या ठेवून मोजलं. एका काडीएवढं झुकवलं, थरथर होतीच. चार काड्यांवर पातं नुसतं घसरलं. तीनवर थरथर थांबली, पण कीस निघेना, भुसाच निघे. दोन दिवस पाचरी तासत बसले.

रविवारी कळलं, चूक कोनात नव्हती. चाळीस वर्षं नवऱ्याची पाती मी घासली. धार झाली की काठावर लोखंडाची बारीक कूस उरते, ती मोडून टाकायची, हे माझं काम. सवयीनं इथंही मोडत होते. खरवडायला तर तीच कूस लागते. त्यानं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नव्हतं. पातं परत घासलं, पेचकसाच्या दांड्यानं कूस वळवली आणि तीन काड्यांवर बसवलं. कांद्याच्या सालीसारखा पातळ कीस निघाला. दाखवायला मान वळवली. घरात कोणी नव्हतं.

सोमवारी दीर आला. गाठींवरून दोनदा तळवा फिरवला.

"ही बाजूबी दादानंच केलती काय?"

"तुझा दादा वर्षापहिले गेला."

 गाडीतून गिरमिट काढून त्यानं भोकं पाडली, साखळ्या लावल्या, चहा न घेता गेला.

जुन्या बंगईवर मी उजव्या टोकाला बसायची, डाव्या टोकाला नवरा. हिच्यावर तसं बसलं की ती एका अंगाला जाते. मधोमध बसावं लागतं. ते अजून जमलं नाही.