न रडणारं लेकरू

"कान चांगले आहेत, जीभ चांगली आहे. तुमच्या मुलीला ॲटॅचमेंट डिसऑर्डर झालाय," बीडच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला ते नावही धड घेता येईना. मग त्यांनी समजावलं. लेकरू आधी एका माणसाला घट्ट धरतं आणि त्याच्या आधारानं जग ओळखतं. ते माणूस पुन्हा पुन्हा हरवलं, तर लेकरू कुणालाच धरेनासं होतं.

तेव्हा नव्वदीचं दशक चालू होतं. अश्विनी तीन वर्षांची. नेकनूरला आमचं किराणा दुकान. ती पडली, गुडघा फुटला, तरी रडायची नाही. बोलायची नाही. कुणीही बोट पुढं केलं की त्याच्यासोबत चालू लागायची. एकदा बीडच्या स्टँडवर मी नळावर पाणी प्यायला वाकले, तेवढ्यात ती एका अनोळखी बाईबरोबर केजच्या गाडीत चढली. खाली उतरवलं तर माझ्याकडं बघितलंही नाही. तोवर सासूबाई म्हणायच्या, लेकरू गरीब हाय, काहून जीवाला घोर लावून घेतीस? मलाही तेच खरं मानायचं होतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं मागचं विचारलं. अश्विनी सव्वा वर्षाची असताना मला पाठीच्या कण्याचा क्षय झाला. दूरच्या दवाखान्यात नऊ महिने खाटेवर पडून होते. लेकराला आत सोडत नव्हते. युसूफ वडगाव या गावी राहणाऱ्या माझ्या थोरल्या जावेनं, अक्कानं, तिला सांभाळलं.

"परत आणताना काय केलंत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. मी घ्यायला गेले तेव्हा अश्विनी अक्काच्या निऱ्यांमागं लपली. अक्काला 'माय' म्हणत होती. ते माझ्या काळजात रुतलं. ती झोपल्यावर तिला खांद्यावर टाकून मी निघाले. अक्काला बजावलं, आता इकडं येऊ नका, तिला विसरू द्या. घरी ती तीन दिवस दाराशी बसून रडली. चौथ्या दिवशी गप्प झाली. मला वाटलं, रुळली.

त्यांनी कागदावर मेंदूचं चित्र काढलं. अमिग्डाला म्हणजे बदामाएवढा एक भाग. तो भीतीची घंटा वाजवतो. आपलं माणूस जवळ आलं की लहान मुलाची घंटा थांबते. हिची घंटा आत वाजते, पण कुणी येणार नाही असं तिनं गृहीत धरलंय, म्हणून ती हाक मारत नाही.

"तुमचा आजार कुणाच्या हातात नव्हता. पण जावेपासून तोडलंत, ही तिची दुसरी ताटातूट होती. जावेला बोलवा."

"ती आली तर लेकरू तिचंच होईल," मी म्हणाले.

"आत्ता ते कुणाचंच नाही."

दुसऱ्या दिवशी मी वडगावला गेले. अक्का ज्वारी पाखडत होती. मी सगळं सांगितलं, चूक कबूल केली. तिनं एकच विचारलं, "लेकरू जेवतंय का नीट?"

दर मंगळवारी आम्ही दोघी अश्विनीला घेऊन बीडला जायचो. डॉक्टरीणबाई सतरंजीवर खेळणी मांडायच्या. ओढून जवळ घ्यायचं नाही, बसून राहायचं, एवढंच माझं काम. पहिल्या दिवशी अश्विनीनं अक्काचंही बोट परक्यासारखंच धरलं. अक्का भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत राहिली. मंगळवारामागून मंगळवार गेले. ती ठोकळे लावायची, पाडायची. औषध नव्हतं, सुई नव्हती. कधी गुण येईल ते डॉक्टरीणबाईही सांगू शकत नव्हत्या. क्षयात निदान गोळ्या मोजता यायच्या.

मग एका मंगळवारी अक्का वडगावला परत निघायला उठली आणि अश्विनीनं तिचा पदर मुठीत धरला. हंबरडा फोडला. वर्षाहून जास्त काळानं पहिल्यांदा माझी लेक रडत होती, आणि ती माझ्यासाठी रडत नव्हती.

अक्का तिच्यापुढं उकिडवी बसली. "माय जाती, मंगळवारी येती. तवर ही आई हाय. ही कुटं जात न्हाई." मग पदर हलकेच सोडवून, तिच्या देखत दारातून गेली.

मी जवळ सरकले तर तिनं लाथ मारली. मी उठले नाही. बराच वेळ रडली, दमली, आणि माझ्या मांडीला तळपाय टेकवून तशीच पडून राहिली. मांडीवर आली नाही.

"रडली, फार चांगलं झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणीतरी ऐकेल असं तिला वाटलं."

बोलायला पुढं सहा महिने लागले. ती पूर्ण बरी झाली असं मी आजही म्हणणार नाही. कुणी घरातून निघालं की दोनदा विचारते, कधी येणार. ज्या आयांना आजारपणात लेकरू दुसऱ्याकडं ठेवावं लागतं, त्यांना माझं एकच सांगणं आहे. ज्यानं सांभाळलं त्याला तोडू नका. लेकराला दोन आया परवडतात.

अश्विनी आता नोकरीला आहे. काही दुखलं खुपलं तर पहिला फोन अक्काला जातो. दुसरा मला येतो. तो येतो, हे मला पुरे आहे.