शेवटच्या चार ओळी

लेटन बेडोची गोष्ट सांगायची तर आधी माझ्या उजव्या हाताची कागाळी करावी लागेल. जन्मभर त्याच्या मागे उभं राहून या हाताने तबकड्या फिरवल्या. आणि ज्या एका दुपारी त्याने गप्प बसायचं होतं, नेमका त्याच दुपारी मेला वळवळला. येईल ते ओघात.

मी नेव्हिल क्वार्म्बी. पोटासाठी वॉशिंग मशीन दुरुस्त करतो, उरलेल्या वेळात डीजे. लेटन आणि मी इंग्लंडातल्या हडर्सफील्डला, बर्कबी वस्तीत वाढलो, भिंतीला भिंत लागून. त्याचे आईवडील कॅरिबियनमधल्या कॅरिआकू बेटावरून आलेले. माझे आईवडील कुठून आलेच नाहीत, ते तिथेच होते. मिसेस बेडो, म्हणजे लेटनची आई व्हर्ना, इस्पितळात फरशा पुसायच्या. दिवसभर परक्यांचा चिखल पुसून आलेली बाई आपल्या घरात कुणाचं ओलं पाऊल खपवून घेणार होय? दारात पाय ठेवला की, "नेव्हिल, पाय पुसलेस?" मी सात वर्षांचा होतो तेव्हाही हेच, पोटाचा घेर सुटला तेव्हाही हेच.

गल्लीत गॅस आला आणि त्यांच्या मागच्या अंगणातली कोळशाची खोली रिकामी पडली. दोन माणसं आणि एक खुर्ची मावेल एवढी. मिसेस बेडो म्हणाल्या, "गोंधळ घालायचाच असेल तर तिथं घाला. माझ्या डोक्यावर नको." आम्ही भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, माझी दोन टर्नटेबलं आत घुसवली, आणि लेटन रॅपचे शब्द फेकायला लागला. बाहेर आलो की नाकपुड्या काळ्या. पण काय सांगू, त्या पोराच्या जिभेला धार होती! मी तेव्हाच ओळखलं की आपण आयुष्यभर याच्या मागे उभे राहणार.

त्याचे वडील तो पंधराचा असताना लीड्सला गेले ते गेलेच, दुसऱ्या बाईकडे. मिसेस बेडो चॅपलमध्ये, म्हणजे त्यांच्या छोट्या चर्चमध्ये, सांगायच्या, "तिकडे चांगलं काम लागलंय त्यांना." चार वर्षं सांगायच्या. सगळ्यांना खरं माहीत होतं आणि सगळे मान हलवायचे. तेवढी माणुसकी होती लोकांत.

मग एकोणिसाव्या वर्षी लेटनने परवाना नसलेल्या एका रेडिओ स्टेशनवर अर्धा तास मिळवला आणि त्यात बाप, लीड्स, ती बाई, आईचं ते 'चांगलं काम', सगळं यमकात बसवून म्हणून टाकलं. मी मागे तबकडी फिरवत होतो आणि, खोटं कशाला बोलू, खूश होतो. दुसऱ्या दिवशी अख्ख्या बर्कबीच्या तोंडी तेच.

पुढच्या रविवारी मिसेस बेडो आपली जांभळी टोपी घालून चॅपलला गेल्या आणि नेहमीच्या पहिल्या बाकावर बसल्या. मान ताठ. माझ्या आईने हे पाहिलं आणि घरी येऊन माझ्या कानाखाली वाजवली. इकडे मिसेस बेडो परतल्या, कोळशाच्या खोलीला कुलूप लावलं आणि मला म्हणाल्या, "नेव्हिल, तुझे खोके उचल." लेटनला एवढंच: "माझ्या घरात तुझं गाणं येणार नाही. जेवायला रविवारी दोनला ये."

बावीस वर्षं हे असंच चाललं. तो दर रविवारी दोनला जायचा. भात, राजमा, कोंबडी जेवायचा, कचऱ्याचे डबे बाहेर काढायचा, बल्ब बदलायचा. दोघं बसच्या वेळापत्रकावर बोलायचे, पावसावर बोलायचे, शेजारणीच्या गुडघ्यावर बोलायचे. गाण्याचा ग निघायचा नाही.

आम्ही मग लॉन्ड्रीवरच्या माझ्या खोलीत बस्तान हलवलं. खालची यंत्रं घुमायची तेव्हा रेकॉर्डिंग थांबवायचं, हा नियम. तिथेच आम्हाला मिस्टर हेग भेटले. कपडे धुवायला आले होते. गावच्या पितळी बँडमध्ये चाळीस वर्षं युफोनियम वाजवलेला माणूस. युफोनियम म्हणजे ते पोटाशी धरायचं, म्हशीएवढं वाजंत्र. वरून आवाज ऐकून जिना चढून आले आणि म्हणाले, "पोरांनो, शब्द बरे आहेत, पण खाली बूड नाही." दुसऱ्या आठवड्यात वाजंत्र घेऊन हजर. रॅपच्या मागे पितळी बँडचा तो जाड, दमदार सूर. असलं काही कुणी ऐकलं नव्हतं. लेटनने आमचं नाव ठेवलं 'कोलशेड', कोळशाची खोली. जिथून हाकललं तिचंच नाव. मी म्हटलं, "आईला खिजवतोस काय?" तो म्हणाला, "नाही रे गाढवा. पत्ता लिहून ठेवतोय."

पहिल्या रेकॉर्डच्या तीनशे प्रती काढल्या, पिशवीतून विकल्या. दुसरी देशभरच्या रेडिओवर दोन महिने वाजली. लंडनच्या एका कंपनीने लेटनला बोलावून घेतलं. काचेच्या खोलीत बसवून म्हणाले, तू एकटा ये, तो म्हातारा आणि त्याचं भोंगाड कशाला? आणि बोलणं जरा लोकांना कळेल असं कर. हा शहाणा दुपारच्याच गाडीने परत. मी चिडलो, भांडलो, आठ दिवस बोललो नाही. मिस्टर हेगना आम्ही ते कधी सांगितलं नाही. लेटन बस चालवायला लागला, आणि शनिवारी आम्ही लीड्स, शेफील्ड, ब्रॅडफर्ड करत राहिलो. चार माणसं ओळखतात, चाळीस माणसं येतात, असं ते नाव. पण शेवटच्या थांब्यावर बस सहा मिनिटं उभी राहायची, त्या सहा मिनिटांत हा ड्युटीच्या कागदामागे ओळी लिहायचा. तशा लिहिलेल्या ओळी मी दुसऱ्या कुणाच्या ऐकल्या नाहीत.

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी. रॅपरची ओळ फारच लागली की लोक भिंत बडवतात, टेबल बडवतात, हाताशी येईल ते बडवतात. म्हणजे 'पुन्हा!' मग डीजेने तबकडी उलटी ओढायची आणि गाणं पहिल्यापासून सुरू करायचं. यापेक्षा मोठी दाद नाही. लोक बडवताहेत आणि डीजेने ओढलं नाही, तर तो गाणाऱ्याचा अपमान. याची एकच गंमत, की ओळ जितकी चांगली, तितकं पुढचं ऐकायचं राहून जातं. धंद्यात त्याबद्दल कुणी रडत नाही.

कोलशेडच्या विसाव्या वर्षी लेटनने आईवर सोळा ओळी लिहिल्या. पहिल्या बारा चेष्टेच्या.

*आईने सपात फेकली की जिन्यात वळण घ्यायची,*
*मी खोलीत, दार बंद, तरी पाठीत बरोबर बसायची.*

असं करत करत अकरावी-बारावी यायची:

*स्वर्गात गेली की आधी पायपुसणं टाकेल दारात,*
*देवाला म्हणेल, पाय पूस, मग ये आपल्या घरात.*

इथे लोक फुटायचे. लीड्सला फुटले, शेफील्डला फुटले, ब्रॅडफर्डला एकाने खुर्ची मोडली. मी मागे ओढायचो, तो पुन्हा म्हणायचा, पुन्हा तिथेच दणदणाट. पुढच्या चार ओळी त्या गोंगाटात वाहून जायच्या. ज्या चार ओळींसाठी बाकीच्या बारा होत्या, त्या माझ्याशिवाय कुणी धड ऐकल्याच नव्हत्या.

वर्धापनाचा कार्यक्रम आमच्याच गावात ठेवला, क्लबच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी चारला. मिसेस बेडोंना आणायचं काम मिस्टर हेगनी केलं. ते दर नाताळात चॅपलबाहेर वाजवत, आणि मिसेस बेडो त्यांना आल्याचा केक बांधून देत, एवढी ओळख. म्हणाले, "रविवार आहे, दुपार आहे, चहा आहे, आणि मी वाजवणार आहे."

"त्या पोराच्या मागे?"

"बाजूला, मिसेस बेडो. वयाचा मान आहे."

त्या हो म्हणाल्या. लेटन मला शोधत लॉन्ड्रीत आला, बसचा युनिफॉर्म तसाच. "नेव्ह, रविवारी हात खिशात ठेव."

"हात खिशात ठेवून डीजे कसा होऊ, लेका?"

"चेष्टा नको. बारावीला लोक बडवतील. तू ओढलंस तर ती उठून जाईल. तिला वाटेल, बावीस वर्षांनी बोलावलं ते गावासमोर पुन्हा नाचवायला. मला तिला सोळापर्यंत न्यायचंय. एवढंच. बाकी कार्यक्रम बुडाला तरी चालेल."

मी म्हटलं, "शब्द."

हॉल गच्च. मिसेस बेडो पहिल्या रांगेत, तीच जांभळी टोपी, मांडीवर पर्स. मिस्टर हेगनी सूर धरला. लेटन सुरू झाला आणि मी पाहत होतो, सपातेच्या ओळीला त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. खरंच हलला! मग अकरावी. मग बारावी. आणि सगळा हॉल पेटला. आपल्याच गावातली, आपल्याला माहीत असलेली आई! भिंती, टेबलं, चहाचे ट्रे, सगळं दणाणलं. आणि माझा हात गेला. मी विचार केला नाही, मी शब्द मोडायचं ठरवलं नाही, शपथ. बडवलं की ओढायचं, वीस वर्षांची खोड ती. तबकडी किरकिरत उलटी फिरली आणि लेटनने वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्याने पुन्हा सुरू केलं. या वेळी मी उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला. पण लोकांना आता कळलं होतं कुठे फुटायचं. दहाव्या ओळीलाच बडवायला लागले. मिसेस बेडो उठल्या. पर्स काखेत, मान ताठ, त्या गोंगाटातून सरळ दाराकडे. लेटन शेवटच्या चार ओळी त्यांच्या पाठीकडे बघून म्हणाला. मलाच ऐकू आल्या नाहीत, त्यांना काय येणार?

तो माईक खाली ठेवून सरळ निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुढचे तीन रविवार तो दोनला गेला, आईने वाढलं, त्याने खाल्लं. आता पावसावरही बोलणं नाही. शनिवारचे कार्यक्रम त्याने रद्द केले. मिस्टर हेगचा फोन आला, "मी वाजंत्र विकू का?" मी फोन ठेवला आणि ढसाढसा रडलो, लॉन्ड्रीत, गिऱ्हाइकांसमोर.

चौथ्या रविवारी मीच गेलो. मिसेस बेडोंनी दार उघडलं. "पाय पुसलेस?"

पुसले. आत लेटन जेवत होता. मी बसलोच नाही. "मिसेस बेडो, चूक माझी आहे. ते गाणं तिथे संपत नाही. अजून चार ओळी आहेत. मी ओढायचं नाही असं ठरलं होतं, मी ओढलं."

त्या लेटनकडे वळल्या. "खरं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस? तीन रविवार माझ्या समोर बसून गिळतोयस!"

"तूच म्हणालीस, या घरात गाणं येणार नाही."

मग ओढणीसारखा खांद्यावर टाकलेला भांडी पुसायचा कपडा काढून त्यांनी घडी केला. "बारा ओळी सगळ्या गावाने भिंती बडवून ऐकल्या. माझ्या चार तेवढ्या तुझ्या घशात? ऊठ. म्हण. पहिल्यापासून म्हण, मला अर्धवट काम चालत नाही."

लेटन उठला. ना तबकडी, ना युफोनियम. फ्रिज तेवढा गुरगुरत होता. सपात झाली, पायपुसणं झालं, देवाचे पाय पुसून झाले. आणि तो थांबला. सवयीने. बारावीनंतर वाट बघत उभाच राहिला.

"थांबलास का?" मिसेस बेडो खेकसल्या. "इथं कोण भिंत बडवतंय?"

मग त्याने म्हटल्या.

*मी एकोणिसाचा, घरचं सगळं रस्त्यावर मांडलं,*
*तू रविवारी तीच टोपी, तेच पहिलं बाक गाठलं.*
*त्या ताठ मानेपुढे माझं सगळं गाणं तोकडं,*
*पाय पुसून उभा आहे, आई, दार तेवढं उघड.*

मी जमिनीकडे बघत होतो. वर बघायची छाती नव्हती. मग दण्ण आवाज झाला. मी दचकलो. मिसेस बेडोंनी टेबलावर तळहात मारला होता. पुन्हा एकदा मारला, ताटल्या हलल्या, रस्सा टेबलावर सांडला, आणि त्या बाईने तो पुसलासुद्धा नाही. डोळे भरून वाहत होते आणि मान तशीच ताठ.

"असंच करतात ना तुमच्यात?" त्यांनी मला विचारलं.

"हो, मिसेस बेडो."

"मग बघत काय बसलास, नेव्हिल? ओढ मागे."

मी हवेतच हात मागे ओढला, आणि लेटनने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.